आयटी कंपनीची 'मेगा भरती' म्हणजे नेमकं काय? बातमीतल्या आकड्यापासून जॉइनिंगपर्यंत सगळी माहिती

"अमुक कंपनी यंदा ४० हजार फ्रेशर्स घेणार." अशी बातमी आली की गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरते. खाली एक लिंक असते, कधी एक मोबाईल नंबर असतो आणि "जागा मर्यादित, आजच अर्ज करा" अशी ओळ असते. चारठाणा असो, जिंतूर असो की परभणी, बी.ई., बीसीए किंवा बी.एस्सी. करून बसलेल्या पोरापोरींसाठी ही बातमी म्हणजे घरच्यांचे दोन-तीन वर्षांचे पैसे आणि आशा असते. म्हणून त्या आकड्यामागे काय चालतं, कंपनी लोक का घेते, कधी थांबते आणि तुमच्या हातात खरोखर काय पडतं, हे या लेखात क्रमाने पाहू.

आधी एक गोंधळ दूर करू : 'कन्सल्टन्सी' दोन प्रकारची

हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात आणि बरीच फसवणूक इथूनच सुरू होते.

पहिली म्हणजे आयटी कन्सल्टन्सी किंवा आयटी सर्व्हिसेस कंपनी. बँक, विमा कंपनी, विमान कंपनी, सरकारी खातं यांना सॉफ्टवेअर बनवून देणं, चालवून देणं आणि सांभाळणं हा तिचा धंदा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, कॅपजेमिनी, पर्सिस्टंट ही याची उदाहरणं. तुम्ही पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज भरला असेल, तर त्यामागची यंत्रणा टीसीएसने उभी केलेली आहे.

दुसरी म्हणजे पुण्या-मुंबईत किंवा संभाजीनगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत चालणारी नोकरी लावून देणारी कन्सल्टन्सी. यातल्या काही एजन्सी प्रामाणिक असतात. त्या कंपनीला माणसं पुरवतात आणि फी कंपनीकडून घेतात. तुमच्याकडून रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे किंवा 'सेटिंग'चे पैसे मागणारी एजन्सी दिसली की मात्र सावध व्हायचं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

हा धंदा चालतो कसा?

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे. टीसीएसची सुरुवात १९६८ साली मुंबईत झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, सात इंजिनिअर आणि १० हजार रुपयांच्या भांडवलावर. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. आनंद देशपांडे यांनी १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, तिचं मुख्यालय आजही पुण्यातच आहे.

या कंपन्या मुख्यतः माणसांचा वेळ आणि कौशल्य विकतात. सोपं गणित करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा परदेशी ग्राहक एका इंजिनिअरच्या कामाचे तासाला २० डॉलर देतो. महिन्याचे १६० तास धरले तर ३,२०० डॉलर झाले. डॉलर ८५ रुपये धरला, तर २ लाख ७२ हजार रुपये. त्यातून पगार, ऑफिस, ट्रेनिंग, विक्री करणारी टीम, कर सगळं भागवून उरतो तो नफा. म्हणजे तुम्ही ग्राहकाच्या कामावर असाल तर कंपनीला पैसे मिळतात आणि रिकामे बसलात तर ती खिशातून देते. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून समजतं.

नेहमी कानावर पडणारे चार शब्द इथेच पाहून घेऊ.

- बिलेबल : ज्याच्या कामाचे पैसे ग्राहक देतो असा कर्मचारी.
- बेंच : पगार चालू आहे, पण हातात प्रोजेक्ट नाही अशी अवस्था. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असावं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहू नये.
- युटिलायझेशन : एकूण लोकांपैकी किती टक्के लोक बिलेबल कामावर आहेत तो आकडा. हा फार वाढला की कंपनीला नवी माणसं घ्यावी लागतात. तो घसरला की भरती थांबते.
- ॲट्रिशन : वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण.

फ्रेशर्स का हवे असतात तेही यातच आलं. सर्व्हिसेस कंपनीची रचना पिरॅमिडसारखी असते. खाली कमी पगाराचे भरपूर नवखे, वर जास्त पगाराचे थोडे अनुभवी. खालचा थर रुंद ठेवला तर सरासरी खर्च कमी राहतो. लोक वर सरकले किंवा सोडून गेले की खालून नवे भरावेच लागतात.

'विस्तार' म्हणजे काय काय असू शकतं?

बातमीत नुसता 'कंपनीचा विस्तार' असा शब्द असतो. त्याचे निदान चार प्रकार असतात आणि प्रत्येकातून नोकऱ्या येतीलच असं नाही.

१. मोठं कंत्राट मिळणं. उदाहरण आपल्या रोजच्या वापरातलं आहे. मे २०२३ मध्ये बीएसएनएलने ४जी नेटवर्कसाठी टीसीएसच्या नेतृत्वाखालील कंपन्यांच्या गटाला १५ हजार कोटी रुपयांहून जास्त रकमेची आगाऊ खरेदी ऑर्डर दिली. अशा कामाला ठरावीक कौशल्याची माणसं लागतात. कंत्राटाची रक्कम अनेक वर्षांत येते, म्हणून आकडा मोठा दिसला तरी भरती एका दिवसात होत नाही.

२. नवीन शहरात ऑफिस. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आली. कारण सरळ आहे. पुण्या-बंगळुरूपेक्षा जागा आणि राहणीमान स्वस्त, आणि माणूस घराजवळ असला की नोकरी लवकर सोडत नाही. पण नव्या ऑफिसातल्या काही खुर्च्या जुन्या ऑफिसातून बदली होऊन आलेल्यांनीच भरतात.

३. दुसरी कंपनी विकत घेणं. कॅपजेमिनीने २०१५ मध्ये आयगेट घेतली. त्याआधी २०११ मध्ये आयगेटने मुंबईची पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स घेतली होती. जुलै २०२५ मध्ये कॅपजेमिनीने डब्ल्यूएनएस ३.३ अब्ज डॉलरला घ्यायचा करार जाहीर केला. अशा वेळी कर्मचारी संख्या एका रात्रीत वाढते, पण नवी नोकरी एकही तयार झालेली नसते.

४. नवीन तंत्रज्ञानाचं काम. क्लाऊड, डेटा, सायबर सुरक्षा, एआय. इथे संख्या कमी पण पगार जास्त असतो, आणि परीक्षा अवघड असते.

भरतीचा आकडा कसा वाचायचा?

हा भाग नीट वाचा, कारण बातमीत हाच फरक सांगत नाहीत. भरतीचे दोन आकडे असतात. एकूण भरती म्हणजे वर्षात किती जण आत आले. निव्वळ वाढ म्हणजे आलेले वजा गेलेले.

टीसीएसचं उदाहरण घेऊ :

- मार्च २०२१ : ४,८८,६४९ कर्मचारी
- मार्च २०२२ : ५,९२,१९५ (एका वर्षात १,०३,५४६ ची वाढ)
- मार्च २०२३ : ६,१४,७९५
- मार्च २०२४ : ६,०१,५४६ (१३,२४९ ने घट)

आता इन्फोसिस. मार्च २०२२ मध्ये ३,१४,०१५ आणि मार्च २०२३ मध्ये ३,४३,२३४ कर्मचारी होते. मार्च २०२४ ला हा आकडा ३,१७,२४० वर आला. म्हणजे वर्षात २५,९९४ लोक कमी झाले. आणि त्याच वर्षात कंपनीने कॅम्पसमधून ११,९०० फ्रेशर्स घेतले होते! "इन्फोसिसने ११,९०० जणांना नोकरी दिली" ही बातमी खरी, आणि "इन्फोसिसचे २६ हजार कर्मचारी घटले" हीसुद्धा खरी.

हे का झालं? कोरोनाच्या काळात जगभरच्या कंपन्यांना सगळं ऑनलाइन करायचं होतं. कामं धो धो आली. लोक जास्त पगारावर उड्या मारू लागले. इन्फोसिसचं ॲट्रिशन जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेलं, टीसीएसचं सप्टेंबर २०२२ मध्ये २१.५ टक्के होतं. जाणाऱ्यांच्या जागा भरायला कंपन्यांनी हजारोंनी फ्रेशर्स घेतले. मग अमेरिकेत व्याजदर वाढले, ग्राहकांनी खर्च आखडला, नोकऱ्या बदलणं मंदावलं. मार्च २०२४ पर्यंत टीसीएसचं ॲट्रिशन १२.५ टक्क्यांवर आलं. लोक सोडून जाईनात, नवी कामं वाढेनात, आणि दारात ऑफर लेटर घेतलेले उभे!

जुलै २०२५ मध्ये तर टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार असल्याचं सांगितलं. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पदांवरचे होते. त्या वेळीही फ्रेशर भरती पूर्ण बंद झालेली नव्हती. पिरॅमिडचा खालचा थर भरणं आणि मधला कापणं एकाच वेळी चालू शकतं.

अर्ज ते ऑफर : टप्पे

प्रत्येक कंपनीचे बारकावे वेगळे आहेत, पण साचा साधारण असा :

१. नोंदणी. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पोर्टलवर. टीसीएससाठी 'नेक्स्टस्टेप' पोर्टल आहे. नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच भरा. आधार, पॅन आणि मार्कशीटवर स्पेलिंग वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा क्रम कागदागणिक बदलतो आणि पुढे कागदपत्र पडताळणीत तेच अडकतं.

२. पात्रता. बहुतेक ठिकाणी दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवीत ६० टक्क्यांची अट असते. अर्ज करताना किती बॅकलॉग चालतात आणि शिक्षणात किती वर्षांचा खंड चालतो, हे जाहिरातीत वाचा.

३. ऑनलाइन परीक्षा. गणित, तर्क, इंग्रजी आणि कोडिंग. टीसीएसची एनक्यूटी ही यातली सर्वांत माहितीची. एकाच परीक्षेतल्या गुणांवरून वेगवेगळ्या पगाराचे गट ठरतात. टीसीएसमध्ये निंजा, डिजिटल आणि प्राइम असे गट आहेत. निंजाचा पगार वर्षाला साधारण ३.३६ लाख, तर डिजिटलचा ७ लाखांच्या आसपास राहिला आहे. म्हणजे कोडिंगचे दोन प्रश्न नीट सुटले की पगार दुप्पट होऊ शकतो.

४. मुलाखत. तांत्रिक आणि एचआर. फ्रेशरला मुख्यतः स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल विचारतात. विकत आणलेला प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

५. ऑफर लेटर, पडताळणी, जॉइनिंग. हे तीन वेगळे टप्पे आहेत. याबद्दल पुढे बोलू.

पदवी इंजिनिअरिंगचीच हवी असंही नाही. बीसीए, बी.एस्सी. वाल्यांसाठी विप्रोचा 'विल्प' आणि टीसीएसचा 'इग्नाइट' हे मार्ग आहेत. बारावीनंतरसाठी एचसीएलचा 'टेकबी' आहे. टेकबीत सुरुवातीला ट्रेनिंगची फी असते, म्हणून अटी कंपनीच्या अधिकृत पानावरच वाचा.

सीटीसी आणि हातात येणारा पगार

समजा ऑफर ३ लाख ६० हजारांची आहे. महिन्याला ३० हजार मिळतील असं वाटतं. आता बेसिक १५ हजार धरून हिशोब पाहा :

- महिन्याचा सीटीसी : ३०,०००
- कंपनीचा पीएफ वाटा वजा : १,८००
- ग्रॅच्युइटी (बेसिकच्या ४.८१ टक्के) वजा : सुमारे ७२२
- तुमचा पीएफ वाटा वजा : १,८००
- व्यवसाय कर वजा : २०० (महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३००)
- हातात : सुमारे २५,४७८

यातून विम्याचा हप्ता गेला आणि काही भाग 'व्हेरिएबल' असला, तर आकडा आणखी खाली येतो. हिंजवडीत खोलीचं डिपॉझिट, मेस, बसपास याचा विचार या आकड्यावरून करा, ३० हजारांवरून नको. पीएफ मात्र तुमचाच पैसा आहे, तो कुठे जात नाही.

ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे

हे वाक्य कडू आहे, पण गेल्या काही वर्षांनी ते शिकवलं.

२०२२ मध्ये इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार जणांचं जॉइनिंग दोन वर्षांपर्यंत लांबलं. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. २०२४ च्या शेवटी अनेकांचं जॉइनिंग झालं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या ट्रेनिंग केंद्रातून तीनशेहून जास्त प्रशिक्षणार्थींना काढलं गेलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. संघटनेचा दावा सातशेचा होता. यात दोन वर्षं थांबून आलेले तरुणही होते. विप्रोने फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर मिळालेल्या काही फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर यायला तयार आहात का, असं विचारलं होतं.

यातून शिकायचं काय?

- जॉइनिंगची तारीख लेखी येईपर्यंत दुसरे अर्ज बंद करू नका.
- ऑफर हातात आहे म्हणून नवी गाडी, कर्ज, गावभर पेढे हे सगळं जॉइनिंगनंतर.
- ट्रेनिंगमध्ये नापास झालो तर काय, हे ऑफर लेटरमध्ये शोधा. ते बहुधा लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही.
- वाट पाहण्याच्या काळात कोडिंग सोडू नका. ट्रेनिंगची परीक्षा त्यावरच असते.

बॉण्डचं काय?

काही कंपन्या एक-दोन वर्षं थांबण्याचा करार करून घेतात आणि आधी सोडल्यास ठरावीक रक्कम मागतात. "बॉण्डला कायद्यात काही अर्थ नाही" असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ७४ नुसार कंपनीला वाजवी भरपाई मिळू शकते, मनाला येईल ती रक्कम नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची सेवा आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये ही अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, पण बॉण्ड म्हणजे नुसता कागद नव्हे एवढं त्यातून कळतं. सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचा. मूळ मार्कशीट मात्र कोणाकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

फसवणूक : तीन नेहमीचे सापळे

१. पैसे भरा, नोकरी घ्या. ट्रेनिंग किट, लॅपटॉप डिपॉझिट, पडताळणी फी अशी नावं असतात. मोठ्या आयटी कंपन्या आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहितात की नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही.

२. 'आतून सेटिंग'. "आमची एचआरशी ओळख आहे, दोन लाख लागतील." २०२३ मध्ये टीसीएसमध्येच मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींकडून लाच घेतल्याच्या आरोपांची चौकशी झाली. कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं की १९ कर्मचारी त्यात आढळले, १६ जणांना काढलं आणि ६ एजन्सींवर बंदी घातली. म्हणजे खरोखर आतून कोणी असला तरी शेवट असा होतो.

३. खोटा अनुभव. "तीन वर्षांचा अनुभव दाखवतो, पगार थेट आठ लाख." पूर्वी हे खपायचं. आता पीएफचा यूएएन क्रमांक टाकला की कुठे, कधी काम केलं ते दिसतं. वर्षभराने पकडलं तरी नोकरी जाते, आणि पुढच्या प्रत्येक पडताळणीत हा डाग आडवा येतो.

पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

मोबाईलवर दहा मिनिटांत तपासणी

फॉरवर्ड आलेली जाहिरात खरी की खोटी, हे असं पाहा :

- लिंकवर टॅप करू नका. ब्राउझरमध्ये कंपनीचं नाव स्वतः टाईप करून करिअर पान उघडा. तिथे ती भरती नसेल तर विषय संपला.
- मेल कुठून आला ते पाहा. मोठी कंपनी जीमेलवरून ऑफर पाठवत नाही. पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप करून पूर्ण पत्ता वाचा, एखादं अक्षर बदललेलं असतं.
- कंपनी अनोळखी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. नोंदणी कधीची, पत्ता कुठला, हे फुकट दिसतं. पण नोंदणी आहे म्हणजे कंपनी चांगली, असं नाही.
- शेअर बाजारात असलेल्या कंपनीचा तिमाही निकाल पाहा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत तो येतो. इन्फोसिसच्या फॅक्ट शीटमध्ये कर्मचारी संख्या, ॲट्रिशन आणि युटिलायझेशन एकाच ठिकाणी मिळतं. युटिलायझेशन वर आणि कर्मचारी संख्याही वर, तर भरती खरी. संख्या दोन-तीन तिमाही घसरत असेल, तर जाहिरातीवर फार विसंबू नका.

चारठाण्यातून तयारी करायची तर

पुण्यातल्या मुलाच्या तुलनेत इथला मुलगा हुशारीत मागे नसतो, माहितीत मागे पडतो. मोठी कंपनी कॅम्पसला येते ती नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीसारख्या कॉलेजांत. गावाजवळच्या बीसीए, बी.एस्सी. कॉलेजात ती सहसा येत नाही. अशा वेळी ऑफ-कॅम्पस अर्ज हाच रस्ता उरतो, आणि तो घरी बसून उघडता येतो.

- इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड आणि सरकारी स्वयम् पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत आहेत. त्यासाठी पुण्याला जाऊन ५० हजारांचा क्लास आधी लावायची गरज नाही. आधी तीन महिने मोफत शिकून पाहा. मग क्लासची गरज आहे का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.
- एकच भाषा धरा, जावा किंवा पायथॉन. मोबाईलवर वाचता येतं, पण कोडिंगचा हात बसायला कीबोर्ड लागतो. जुना लॅपटॉप किंवा कॉलेजची लॅब पकडा.
- परीक्षा घरून असेल तर लाईट आणि नेटची सोय आधी पाहा. कॅमेऱ्यासमोर परीक्षा चालू असताना नेट गेलं तर पुन्हा संधी मिळेलच असं नाही. केंद्र बाहेरगावी आलं तर आदल्या दिवशीच पोहोचा. जिंतूर तालुक्यातून रेल्वेसाठी परभणी किंवा सेलू गाठावं लागतं. पहाटेच्या एसटीवर वर्षभराची मेहनत टांगू नका.
- रोज पंधरा मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोला. मुलाखतीत फाडफाड इंग्रजी लागत नाही, पण स्वतःचा प्रोजेक्ट न अडखळता सांगता यायला हवा.

थोडक्यात

कंपनी लोक घेते ती काम आलं म्हणून, आणि थांबते ती काम थांबलं म्हणून. तुमची लायकी आणि त्या वर्षीची भरती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ ला सहज लागलेला आणि २०२४ ला रखडलेला, यांच्यात पुष्कळदा फक्त दोन वर्षांचा फरक असतो. म्हणून आकडा पाहून हुरळू नका आणि भरती थांबली म्हणून खचूही नका. अर्ज अधिकृत पोर्टलवरच करा, कोणाला पैसे देऊ नका आणि जॉइनिंग होईपर्यंत सराव चालू ठेवा. पुढच्या वेळी ग्रुपवर "४० हजार जागा" असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा : ही एकूण भरती आहे की निव्वळ वाढ?